एनिडबाईंचा ॲडमिरल

हर्लिंगफील्ड गावाच्या हिरवळीवरून पाहिलं तर एनिड गॅरडबाईंचं घर मोठं रुबाबदार दिसतं. लाल विटांची सरळसोट भिंत, मधोमध पांढरा दरवाजा, दोन्ही अंगांना मापात बसवलेल्या खिडक्या. कुणा वकिलाचं घर असावं असं वाटतं. पण कोपऱ्यावरून वळून मागच्या अंगाला गेलं की वकील संपतो. तिथे वाकडीतिकडी काळी लाकडं, त्यांच्यामध्ये कुडाच्या भिंती, वर गुलाबी चुना, आणि पोट सुटलेल्या माणसासारखी पुढे आलेली वरच्या मजल्याची भिंत. घर मुळात हेच. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी, जॉर्ज राजांच्या काळात, घराच्या कुणा मालकाला बरे दिवस आले आणि गावाला ते कळावं म्हणून त्याने जुन्या लाकडी घराच्या तोंडावर विटांचा मुखवटा चढवला. गाव काही मागच्या बाजूने येत नाही, म्हणून मागे त्याने एक वीटही खर्ची घातली नाही. "गॅरडांचं घर म्हणजे वर कोट-टाय आणि खाली पायजमा," असं गावात अजून म्हणतात.

त्यातली वरची डावीकडची खिडकी तर चक्क खोटी आहे. तिच्यामागे धुराड्याचा कोठा आला, त्यामुळे खरी खिडकी काढता येईना. आणि नाही काढली तर घराचा चेहरा काणा. म्हणून विटांत खिडकीएवढा खड्डा ठेवून त्यावर खिडकीचं चित्र रंगवलं. एनिडबाईंचे यजमान विल्फ यांनी एका उन्हाळ्यात ते चित्र ताजं करताना पडद्याशेजारी एक तांबूस मांजरही बसवलं. पुढे एकदा सुट्टीवर आलेल्या एका बाईने दार ठोठावून काळजीने सांगितलं, "अहो, तुमचं मांजर कालपासून हललेलं नाही."

"स्वभावच शांत आहे त्याचा," असं म्हणून एनिडबाईंनी दार लावून घेतलं.

एनिडबाई उंचीने बेताच्या, रुंदीने भरघोस, आणि बोलण्यात आखूड. गावची शाळा बंद पडेपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांचं राज्य होतं. गावातल्या निम्म्या प्रौढ माणसांची पाठ त्यांना पाहिलं की आजही ताठ होते आणि पानातलं कस्टर्ड संपवल्याशिवाय उठायचं नाही याची आठवण होते. विल्फशी लग्न करून त्या या घरात आल्या आणि घराच्या तऱ्हांना सरावल्या.

तऱ्हा म्हणजे, या घरात एकही जमीन सपाट नाही. बैठकीच्या खोलीत वाटाणा पडला की तो थोडा विचार करतो आणि मग घरंगळत थेट भांड्यांच्या कपाटाखाली जातो. गोट्या, गोळ्या, विल्फच्या कॉलरची बटणं, सगळं तिथेच. कपाटाच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे आहेत, जेवणाच्या टेबलाचे दोन पाय कापून आखूड केलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथेच सरळ उभी राहते, चार बोटं सरकवली की झिंगते. एनिडबाईंची लेक हेदर इप्सविचला बंगलीत राहते. तिच्याकडची जमीन काचेसारखी सपाट. "तुझ्याकडे काही पडलं की पडल्या जागीच बसतं," एनिडबाई तिला म्हणाल्या होत्या, "मग शोधायचं कुठे? माझं घर कसं, आपणहून गोळा करून ठेवतं."

पण घराची खरी कीर्ती होती ती ॲडमिरलमुळे.

ॲडमिरल म्हणजे बैठकीच्या खोलीच्या मधोमध आडवी गेलेली तुळई. काळीकुळकुळीत, दणकट, आणि वाजवीपेक्षा खाली. दर उन्हाळ्यात चर्चच्या मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी तिकीट लावून गावातली जुनी घरं पाहायला ठेवतात, तेव्हा सगळ्यात मोठी रांग लागते ती ॲडमिरलला. पर्सी कॅचपोल खोलीत उभा राहून माहिती सांगतो. पर्सी हा बँकेतून निवृत्त झालेला शेजारी, गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष, आणि एनिडबाईंचा बालवर्गापासूनचा सोबती. "मंडळी," तो म्हणतो, "ही तुळई स्पॅनिश आरमारातल्या एका बुडालेल्या जहाजाची आहे. हा काळा डाग पाहा. तोफेचा!" समुद्र इथून लांब आहे, मग लाकूड आलं कसं, असं कुणी विचारलं तर तो खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणतो, "पाण्यातून." खिडकीबाहेर जो ओढा आहे त्यात बदकंसुद्धा चालत जातात. पण पर्सीच्या आवाजापुढे ओढ्याला पूर येतो आणि रांग पुढे सरकते.

पाहुणा ॲडमिरलखालून जाताना धप्प असा आवाज होतो. मग घरातलं माणूस शांतपणे म्हणतं, "डोकं सांभाळा." ही गॅरडांच्या घरची रीत. आधी सांगायचं नाही. विल्फचं म्हणणं असं होतं की आधी सांगितलेलं माणूस विसरतो, नंतर सांगितलेलं विसरत नाही. खुद्द विल्फ ताडमाड होता आणि तो जन्मभर या तुळईवर आपटला, कारण ती बसवताना त्याने माप खिडकीपाशी घेतलं आणि जमीन चुलीकडे चढत जाते हे तो विसरला.

होय, ती त्यानेच बसवली होती. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक चर्चच्या आवारात शांत पडून होता आणि दुसरी तोंड मिटून कस्टर्ड करत होती.

झालं होतं असं. एका वर्षी पर्सीने आपल्या घराचं जुनं छत उकरलं आणि आत सुंदर तुळयांची ओळ निघाली. आजोबा-पणजोबांनी त्या गावंढळ म्हणून चुन्याखाली झाकल्या होत्या, नातवांनी त्या शोभिवंत म्हणून उघड्या केल्या. सगळ्या गावात तेव्हा हेच चाललं होतं. पर्सीने येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बघायला लावलं. विल्फला राहवेना. त्यानेही आपलं छत उकरलं. आत निघाले ते काल-परवाचे बारीक वासे आणि एक मेलेली चिमणी. वीज सारखी जायची त्या हिवाळ्यात पर्सी सासुरवाडीला यार्मथला गेलेला असताना, दुधाच्या लॉरीवर ड्रायव्हर असलेल्या विल्फने मोडायला काढलेल्या एका गोठ्यातलं लाकूड लॉरीत घालून आणलं. शिडी एनिडबाईंनी धरली होती. डांबर फासताना त्यांच्या नव्या ॲप्रनचा सत्यानाश झाला, तो त्या विसरल्या नाहीत.

पर्सी परत आला, तुळईखाली उभा राहिला आणि हेव्याने हिरवापिवळा झाला. "ही कुठून आली?"

"चुन्याखाली होती," विल्फ म्हणाला. मग मोह आवरला नाही. "जहाजाची असेल."

विल्फचा बेत आठवडाभर मजा बघून पर्सीला खरं सांगायचा होता. पण आठवड्याच्या आत पर्सीने ते पाद्रीबुवांना सांगितलं, आणि महिन्याच्या आत ते जहाज स्पॅनिश झालं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एनिडबाईंचा गुडघा बिघडला.

या घरातला जिना धुराड्याला लागून, मधल्या खांबाला वेटोळं घालून वर जातो. पायऱ्या एका अंगाला केकच्या तुकड्यासारख्या निमुळत्या, आणि धरायला काही नाही. शेवटच्या दोन पायऱ्या एनिडबाई बसून उतरल्या, तेही स्वतःच्या मर्जीने नव्हे. हेदर इप्सविचहून धावत आली.

"आई, एक तर थंडीच्या आत जिन्याला कठडा लागेल, नाही तर तू माझ्याकडे राहायला येशील. मी खोली रंगवून ठेवली आहे."

"कुठला रंग?"

"पीच."

एनिडबाईंनी कठडा करायचं ठरवलं.

पण सरकारने जतन करायच्या जुन्या घरांच्या यादीत घातलेल्या घराचं असं असतं की छप्पर तुमचं, गळती तुमची, खिळा मात्र सरकारचा. कौन्सिलचं माणूस येऊन पाहून गेल्याशिवाय जुन्या लाकडाला हात लावायचा नाही. हेदरने परस्पर फोन करून मंगळवारची वेळही ठरवली. आणि जिन्याचं दार बैठकीच्या खोलीत होतं. ॲडमिरलच्या पलीकडे.

एनिडबाईंना आठवडाभर झोप नीट लागली नाही. न विचारता घरात लाकूड घुसवलं म्हणून कौन्सिलने बोट ठेवलं तर कठडा राहिला बाजूला, खटलाच उभा राहायचा. मग पीच रंगाची खोली. आणि विल्फ? चर्चमध्ये ज्याच्या नावाचं बाक आहे तो सगळ्या गावात लबाड ठरायचा. त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईचं शहाणपण वापरायचं ठरवलं. माणसाला मागच्या दाराने आत घ्यायचं, खाऊ घालायचं आणि जड करून सोडायचं. जड माणूस मान वर करत नाही.

मंगळवारी मागच्या दारात इमोजेन पास्क नावाची मुलगी उभी राहिली. तिला पाहून एनिडबाईंचा धीर सुटला. मुलगी विल्फइतकी उंच होती.

"या, बसा. केक घ्या."

"मिसेस गॅरड, आधी जिना बघते ना."

"जिना कुठे जात नाही. अजून एक तुकडा घ्या. बारीक आहात किती!"

इमोजेनने दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याला दाद दिली, चौथ्याला नमस्कार केला. एनिडबाई केटल पुन्हा ठेवणार तोच पुढच्या दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता पर्सी आत आला. गळ्यात इतिहास मंडळाचा टाय.

"एनिड, कौन्सिलच्या बाई आल्यात म्हणे, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला पाय दुखतोय असं ऐकलं होतं."

"पाय तुझा दुखतोय."

"मग कुणीतरी उलटं सांगितलं असेल."

पण पर्सीने तोवर पाहुणीला बैठकीच्या खोलीकडे वळवलं होतं. "या, या मॅडम. आधी आमच्या ॲडमिरलला मानवंदना द्या—"

धप्प.

"डोकं सांभाळा," पर्सी आणि एनिडबाई एकदमच म्हणाले. सवय.

इमोजेनने कपाळ चोळलं आणि जे करायला नको होतं तेच केलं. वर पाहिलं. खिशातून लहान टॉर्च काढला. पर्सी खुलला. आरमार निघालं, वादळ सुटलं, जहाज फुटलं, ओढ्याला पाणी आलं. इमोजेन हूं हूं करत तुळईवरून बोट फिरवत होती. मग ती एका ठिकाणी थांबली.

"हे लाकूड मुळात आडवं नव्हतं. हा खांब होता."

"डोलकाठी!" पर्सी म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "मला संशय होताच."

"चौकोनी?"

"स्पॅनिश लोकांचा नेम काय सांगावा?"

"आणि हे इथे बघा, खांब उभा होता तेव्हाच्या कमरेएवढ्या उंचीवर लाकूड झिजून गुळगुळीत झालंय."

"खलाशांचे हात!"

"मिस्टर कॅचपोल, इथे एक कडी आहे. कडीला हे केस अडकलेत." तिने टॉर्च जवळ नेला. "तांबडे केस. या जहाजावर गाई होत्या का?"

पर्सीने एनिडबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्याकडे मागत होता. एनिडबाईंना वाटलं, दूध घेऊन जाणारं जहाज होतं असं सांगावं. पर्सीने त्यावरही विश्वास ठेवला असता. पण ती मुलगी टॉर्च बंद करून वाट बघत होती, आणि तिच्या कपाळावर विल्फला यायचं तस्सं टेंगूळ येत होतं.

"गोठ्यातलं आहे ते," एनिडबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने आणलं. शिडी मी धरली होती. काय शिक्षा असेल ती मला करा, त्याला आता करून उपयोग नाही."

"केव्हा?"

"वीज जायची त्या हिवाळ्यात. मेणबत्तीवर डांबर फासलं. माझा ॲप्रन—"

"ॲप्रनचं राहू द्या. घर यादीत कधी गेलं?"

हे एनिडबाईंना ठाऊक नव्हतं. पर्सी खुर्चीत बसला होता. तो जमिनीकडे बघत, जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "त्यानंतर. दहा-एक वर्षांनी. यादी करणाऱ्या साहेबांना घर मीच दाखवलं होतं. तुळईखाली उभं करून सगळं सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं."

इमोजेन हसू लागली. हसताना ती एकदम शाळेतल्या मुलीसारखी दिसली. "मग झालं तर! यादीत गेलं त्या दिवशी घरात जे-जे पक्कं होतं, ते सगळं राखलं जातं. गोठ्याचा खांबसुद्धा. मिसेस गॅरड, तुम्हाला आता हा काढायचा म्हटला तरी काढता येणार नाही."

"आणि मांजर?"

"कुठलं मांजर?"

"पुढच्या खोट्या खिडकीतलं. ते तर तुळईच्याही आधीचं."

"तेही."

एनिडबाई धपकन बसल्या. विल्फच्या दोन्ही खोड्यांना सरकारी संरक्षण होतं. घरातल्या खऱ्या जुन्या लाकडांना जेवढं होतं, तेवढंच.

पर्सी मात्र टोपी हातात फिरवत होता. "म्हणजे इतकी वर्षं विल्फ मला हसत होता."

"पहिला आठवडा हसला," एनिडबाई म्हणाल्या. "पुढे घाबरला. तू ते वर्तमानपत्रात दिलंस तेव्हा तर दोन दिवस जेवला नाही. नीट आठव, पर्सी, तो नुसतं 'जहाज' म्हणाला होता. स्पॅनिश तू केलंस."

"आणि तोफेचा डाग?"

"विल्फचा ब्लो-लॅम्प, जुना रंग जाळायचा. पण तोफ तू आणलीस."

"सांगायचं तरी!"

"सांगणार होते. 'मी गेल्यावर त्याला सांग,' असं विल्फ म्हणाला होता. पण अंत्यविधीला तू त्याच्यावर बोललास, आणि त्यातही जहाज होतं. सगळी रडत होती. आता त्यात गाय कुठे घुसवू?"

पर्सीने मान खाली घातली. मग त्याच्या टायच्या मागून बारीक आवाज यायला लागला. एनिडबाईंना वाटलं रडतोय. पण त्याचे खांदे हलत होते ते हसण्याने. "मी त्या डागाला हात लावून शाळेच्या मुलांना शांत उभं करायचो गं!"

"चहा घे," एनिडबाई म्हणाल्या.

इमोजेन तोवर जिन्यात शिरली होती. आतून खरवडण्याचा आवाज आला. एनिडबाईंचा जीव पुन्हा टांगणीला लागला. गाय सुटली पण कठडा अजून बाकी होता.

"कठडा मला नाही देता येणार," आतून आवाज आला. "हा मधला खांब फार जुना आहे. त्यात खिळा नको."

एनिडबाईंच्या डोळ्यांपुढे पीच रंग उभा राहिला.

"पण या, हे बघा."

इमोजेन पायरीवर बसली होती. ज्या खांबाला जिना वेटोळं घालतो त्याच्यात एक भोक होतं. त्यात कुणीतरी कधीकाळी मेण भरलं होतं, ते तिने उकरून काढलं होतं. थोडं वर अजून एक, त्याच्या वर अजून एक. भोकांच्या कडा ओठांसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"इथे दोर होता. धरून चढायला. लाकूड किती झिजलंय बघा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होता. तुमच्या आधीच्या लोकांनाही गुडघे होते, मिसेस गॅरड."

"मग काढला का?"

"कुणातरी तरुण माणसाला तो जुनाट वाटला असेल."

"म्हणजे मी यातून दोर ओवला तर?"

"नवीन काही करत नाही तुम्ही. होतं ते परत आणताय. त्याची परवानगी मी देते." ती उठली, आणि वाकून, अगदी काळजीपूर्वक वाकून, ॲडमिरलखालून बाहेर आली. "केकचा तो चौथा तुकडा बांधून मिळेल का?"

"पोरी, अख्खा ने."

दोर पर्सीने आणला. तो चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक. वसंतात मनोऱ्याला नवे दोर आले होते आणि जुना दोर त्याच्या शेडमध्ये पडला होता. ऐन हाताशी लोकरीचा जाडजूड पट्टेदार भाग, लाल, पांढरा आणि निळा. तो नेमका त्या दोन निमुळत्या पायऱ्यांपाशी येईल असा पर्सीने ओवला. एनिडबाईंनी पहिल्यांदा तो धरून चढून पाहिलं तेव्हा पर्सी खाली हात पसरून उभा होता.

"पडलेच तर तू मला झेलणार?" त्या वरून म्हणाल्या. "दोघांना इप्सविचला न्यावं लागेल."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यातही रांग लागली. गर्दी उलट वाढली. पर्सी तुळईखाली उभा राहून म्हणाला, "मंडळी, आजवर ही तुळई स्पॅनिश जहाजाची मानली जात असे. नव्या संशोधनानुसार," आणि इथे तो एनिडबाईंकडे न बघता थांबला, "त्या जहाजावर गाई होत्या." कुणा माणसाने विचारलं, गाई ओढ्यातून आल्या का? "चालत," पर्सी म्हणाला. आणि मग त्याने दुधाची लॉरी, वीज गेलेली रात्र, शिडी, ॲप्रन असं सगळं रंगवून सांगितलं. लॉरीच्या मागे पोलीस लागले होते हे एनिडबाईंना त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते खोडून काढलं नाही. विल्फला आवडलं असतं.

थंडीच्या तोंडावर हेदर तपासणीला आली. तिने दोर ओढून पाहिला, त्याला लोंबकळून पाहिलं, लोकरीचे पट्टे चाचपले.

"आई, हे ओढलं की वर काय वाजतं?"

"पर्सी."

"आणि कौन्सिलने हे चालवून घेतलं? कठडा म्हणून?"

"कठडा नाही. दुरुस्ती." एनिडबाई दोर धरून, एकेक पायरी, वेटोळ्याच्या आड चढत गेल्या. खालून त्यांचा फक्त आवाज येत होता. "त्या पीच खोलीत तू शिलाई मशीन ठेव. उजेड चांगला असेल तिथे."

हेदर थोडा वेळ जिन्याच्या दारात उभी राहिली. वरच्या फळ्या करकरल्या, मग पलंग करकरला. आई पोचली होती, कुणाचाही हात न धरता. हेदरने एक उसासा सोडला, आणि ती याच घरात लहानाची मोठी झाली होती तरी इप्सविचच्या उंच छतांखाली बरीच वर्षं काढल्यामुळे, मान ताठ ठेवूनच ती बैठकीच्या खोलीत वळली.

धप्प.

"डोकं सांभाळ," वरून आवाज आला.